निर्दोष सुटल्यानंतरचं एक वर्ष

बेळगावकडच्या आमच्या गल्लीत शिलाईकाम करणारे एक काका आहेत. मोर्चात दगडफेक केल्याच्या केसमध्ये त्यांचं नाव आलं. त्या दिवशी ते मोर्चाला गेलेच नव्हते, लग्नाच्या घरचे ब्लाऊज संध्याकाळपर्यंत द्यायचे म्हणून मशीनवर बसून होते. पुढं सात वर्षं तारखा चालल्या. समन्स कन्नडमध्ये, चार्जशीट कन्नडमध्ये, वाचून दाखवायला शेजारचा कॉलेजचा पोरगा. जामीनदार शोधा, त्याच्या जमिनीचा उतारा काढा, तारखेला दुकान बंद ठेवा. सगळे कागद साडीच्या दुकानाच्या एका पिशवीत. निर्दोष सुटले त्या दिवशी वकील म्हणाले, "सुटला न्हवं काका, आता नारळ फोडा आणि गप बसा."

काकांनी नारळ फोडला आणि गप बसले. त्यांनी सरकारवर भरपाईचा दावा लावायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. पण सीमाभागात असा दावा लावलेला माणूस सहसा का दिसत नाही, हे समजून घ्यायचं तर बरंच मागं जावं लागतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्याच वर्षी जानेवारीत गोळीबार होऊन माणसं गेली होती; १७ जानेवारीला आपण हुतात्म्यांना अभिवादन करतो ते त्यासाठी. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात पुन्हा गोळ्या चालल्या. जुलै २०१४ मध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूर गावचा 'महाराष्ट्र राज्य' असं लिहिलेला फलक काढला गेला, लाठीमार झाला आणि गावकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. त्यातले काही खटले वर्षानुवर्षं चालून निर्दोष मुक्ततेवर संपले. आंदोलन कोणतंही असो, मागं फायलींचा गठ्ठा उरतो. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या आधी शांततेचा बाँड लिहून द्यायचा, नंतर तारखांना जायचं, हे इथल्या कित्येक घरांत दोन पिढ्या चाललंय. पोराच्या अंगावर केस असली की त्याचा पासपोर्ट व्हेरिफिकेशनला अडतो. रौडीशीट, म्हणजे पोलीस ठाण्यातली गुंड म्हणून नोंद, उघडलं असेल तर निर्दोष सुटल्यावरही ते आपोआप बंद होत नाही.

आता दावा कुणावर लावायचा? लोक पटकन म्हणतात, पालिकेवर, नाहीतर पंचायतीवर. अमेरिकेत शहराचं पोलीस खातं शहराच्या प्रशासनाखाली असतं, म्हणून तिथं थेट शहरावर दावा लागतो. आपल्याकडं पोलीस राज्य सरकारचे. बेळगाव महापालिकेचा त्यांच्यावर काडीचा अधिकार नाही. म्हणजे प्रतिवादी कर्नाटक सरकार. आणि सरकारवर दावा म्हटलं की एक जुनी भिंत आडवी येते.

ही भिंत १८६१ ची आहे. कलकत्त्यात सरकारी गोदीतल्या मजुरांच्या निष्काळजीपणामुळं एका जहाज कंपनीचा घोडा जखमी झाला. कंपनीला भरपाई मिळाली, पण न्यायालयानं एक फरक करून ठेवला : व्यापारासारख्या कामात सरकार जबाबदार, सार्वभौम, म्हणजे राज्यकर्ता म्हणून असलेले, अधिकार वापरताना नाही. शंभर वर्षांनी, १९६४ मध्ये, तोच फरक मेरठच्या प्रकरणात वापरला गेला. सप्टेंबर १९४७ मध्ये पोलिसांनी एका सराफाला पकडून त्याचं सोनं जप्त केलं. हेड कॉन्स्टेबल ते सोनं घेऊन पाकिस्तानात पळाला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की अटक आणि जप्ती हे सार्वभौम काम आहे, सरकार भरपाई देणं लागत नाही. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश होते प्र. बा. गजेंद्रगडकर. साताऱ्यात वाढलेले, आणि आडनाव ज्या गजेंद्रगडावरून आलं ते आज कर्नाटकातच, गदग जिल्ह्यात आहे. त्यांना स्वतःलाच हा कायदा खटकत होता. विधिमंडळानं यावर कायदा करावा, असं त्यांनी निकालातच लिहिलं.

असा कायदा व्हावा हे सरकारला कायद्याबाबत सल्ला देणाऱ्या विधी आयोगाच्या पहिल्याच अहवालात सुचवलं होतं. तो अहवाल १९५६ चा. ज्या वर्षी आपली सीमा ठरली, त्याच वर्षी हा कागदही दिल्लीत पोहोचला, हे मला विसरता येत नाही. १९६७ चं विधेयक मंजूर न होताच बारगळलं. १९७९ मध्ये नागरी हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारताना भारतानं वेगळं लिहून दिलं की बेकायदा अटकेच्या भरपाईचा हक्क आमच्या कायद्यात नाही.

भिंतीला खिंड पडली १९८३ मध्ये. बिहारमध्ये १९६८ ला निर्दोष सुटलेला माणूस आणखी १४ वर्षं तुरुंगात राहिला होता. सर्वोच्च न्यायालयानं रिट अर्जातच, म्हणजे मूलभूत हक्कासाठी थेट केलेल्या अर्जात, ३५,००० रुपये द्यायला लावले, आणि ती अंतरिम सोय आहे, दावा लावायचा हक्क शाबूत आहे, असंही म्हटलं. मार्च २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशीच्या शिक्षेतून निर्दोष सोडून प्रत्येकी ५ लाख दिले गेले. हेरगिरीच्या खोट्या केसमध्ये अडकवलेले इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये ५० लाख. तिन्ही आकडे शेजारी ठेवा. भरपाईचं मोजमाप कुठंच लिहिलेलं नाही. न्यायाधीशाला जेवढं वाटेल तेवढं. ऑगस्ट २०१८ मध्ये विधी आयोगाच्या २७७ व्या अहवालानं ठरावीक मुदतीत निकाल देणारी विशेष न्यायालयं आणि भरपाईची चौकट मागितली. कायदा अजून झालेला नाही. २०२३ च्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, कारण नसताना कुणी अटक करवली तर त्याच्याकडून मिळणारी भरपाई जास्तीत जास्त १,००० रुपये. सात वर्षांत काकांचं नुसतं रिक्षाभाडं याहून जास्त झालं असेल.

तरी रस्ते आहेत. १९५६ च्या आधी बेळगाव मुंबई उच्च न्यायालयाखाली होतं. नंतर रिट करायची तर बंगळूर गाठावं लागे. २००८ पासून धारवाडला पीठ आहे, सकाळच्या बसनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. बेळगावातच दिवाणी दावाही लावता येतो. त्यात सिद्ध करायचं असतं ते एवढं : खटला प्रतिवादीनं चालवला, तो तुमच्या बाजूनं संपला, त्याला वाजवी कारण नव्हतं, हेतू दुष्ट होता आणि तुमचं नुकसान झालं. संशयाचा फायदा देऊन सोडलं असेल तर दुष्ट हेतू दाखवणं फार अवघड, आणि अशा प्रत्येकानं दावा लावावा असं मी म्हणणार नाही. पण निकालात साक्षीदार खोटे, पंच बनावट असं लिहिलेलं असेल, तर लावावाच. भरपाई आपल्याच करातून जाणार, हा आक्षेप खरा आहे. पण काकांची सात वर्षंही कुणाच्या तरी खिशातून गेलीच की.

यात सगळ्यात जास्त माणसं अडखळतात ती मुदतीवर. खोट्या खटल्याच्या भरपाईचा दावा निर्दोष सुटल्यापासून एका वर्षात लावावा लागतो. सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ते दोन महिने वर्षातून वगळून मिळतात, एवढीच सवलत. सुटकेच्या दिवशी हे कुणी सांगत नाही. पेढे वाटले जातात आणि कॅलेंडर चालू राहतं.

गेल्या दिवाळीत मी काकांकडून ती पिशवी मागून घेतली. निकालाची प्रत सगळ्यात खाली होती, घडीवर चिरत आलेली. शेजारच्या त्याच पोरानं कन्नड वाचून तारीख सांगितली. चौदा महिने होऊन गेले होते. वगळायचे दोन महिनेही नव्हते, कारण नोटीसच कधी गेली नव्हती.