बोइंग ७३७-२०० (उत्तर कॅनडातील)

खडीच्या धावपट्टीवर उतरू शकणारे दोन इंजिनांचे प्रवासी जेट विमान. पहिले उड्डाण ऑगस्ट १९६७. शेवटचे विमान १९८८ मध्ये ग्राहकाच्या ताब्यात गेले. बहुतेक देशांत ते कधीच भंगारात निघाले. उत्तर कॅनडात मात्र चाळिशी उलटलेली काही विमाने अजून कामावर आहेत आणि जुन्या जेटचे शौकीन त्यांच्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करतात.

ते टिकले ते खडीमुळे. कायम गोठलेल्या जमिनीवरचे डांबर गोठण-वितळणीच्या फेऱ्यांत उखडते. खडी पुन्हा सपाट करून घेता येते. त्यासाठी बोइंगने १९६९ पासून खास संच देऊ केला. पुढच्या चाकामागे सुपासारखा रुंद पत्रा असतो; चाकाने उडवलेले दगड तो पोटाखाली जाऊ देत नाही. प्रत्येक इंजिनाच्या तोंडाखालून एक नळी पुढे आलेली असते. जमिनीवर इंजिन हवा ओढताना भोवरा तयार होतो आणि त्याबरोबर खडे आत जाऊ शकतात. नळीतून सुटणारा हवेचा झोत तो भोवरा मोडतो. शिवाय ब्रेकच्या तारांना धातूचे कवच आणि पंखांच्या झडपांना खालून फायबरग्लासचे अस्तर असते. पुढच्या ७३७ ची इंजिने जाडजूड, जमिनीलगत लोंबणारी. त्यांना हा संच मिळालाच नाही.

शौकिनांना भुरळ पडते ती आवाजाची. या विमानाचे जेटी८डी हे इंजिन सडपातळ. त्यातून वायू फार वेगाने बाहेर पडतो, म्हणून उड्डाणाच्या वेळी घरघर नव्हे, कडकडाट ऐकू येतो. उतरल्यावर इंजिनामागच्या दोन झडपा मिटून झोत पुढे वळवतात, तेही खिडकीतून दिसते. कॉकपिटमध्ये पडद्यांऐवजी काट्यांच्या तबकड्या. अर्थात ज्यांच्या घरावरून ही विमाने जात, त्यांना या संगीताचे कौतुक नव्हते. युरोप-अमेरिकेतील आवाजाच्या नियमांनीच या विमानांना आधी हुसकावले.

मराठी वाचकाला हे विमान परके नाही. इंडियन एअरलाइन्सने ते अनेक वर्षे चालवले. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादहून उडताना त्यांपैकी एक धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरील ट्रकला धडकले. ५५ जण दगावले. कॅनडातही २० ऑगस्ट २०११ रोजी रेझोल्यूट बे येथे उतरण्याच्या बेतात असलेले ७३७-२०० टेकडीवर आदळून १५ पैकी १२ जणांचा मृत्यू झाला. त्यात दोष विमानाच्या वयाचा नव्हता. ते मार्गावरून बाजूला सरकले होते. जिव्हाळ्याच्या भरात शौकीन हे अपघात सहसा आठवत नाहीत.

काही विमानांत पुढच्या भागात माल आणि मागे प्रवासी, अशी विभागणी असते. रस्ता न पोचलेल्या वस्त्यांना किराणा, यंत्रांचे सुटे भाग आणि माणसे एकाच फेरीत मिळतात. मॉन्ट्रियलजवळच्या मिराबेल येथील नोलिनॉर ही विमान कंपनी खाणकामगारांची ने-आण याच विमानांनी करते. कॅनेडियन नॉर्थ या विमान कंपनीने मात्र २०२३ मध्ये आपली ७३७-२०० निवृत्त केली.