दरवाजाची आग जमिनीत का उतरत नाही?

तुर्कमेनिस्तानातल्या ‘दरवाजा’ नावाच्या जळत्या विवराचा व्हिडिओ अधूनमधून मोबाइलवर फिरत येतो आणि सोबत ठरलेला मजकूर: ‘नरकाचं द्वार, पृथ्वीच्या पोटातली आग’. पोटात आग नाहीच. तिथे आहे तो मिथेन, आणि तो जळतो हवा भेटल्यावरच.

काराकुम वाळवंटात, अश्गाबातच्या उत्तरेला सुमारे २६० किलोमीटरवर हा खड्डा आहे. रुंदी साधारण ७० मीटर, खोली ३० मीटरच्या आसपास. शेजारच्या गावावरून पडलेल्या ‘दरवाजा’ या नावाचा अर्थ आपल्या दरवाजासारखाच. १९७१ साली सोव्हिएत ड्रिलिंगच्या वेळी जमीन खचली आणि वायू पसरू नये म्हणून तो पेटवला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. कागदोपत्री पुरावा नाही. तिथल्या काही भूवैज्ञानिकांच्या मते जमीन त्याआधीच खचली होती आणि आग १९८०च्या दशकात लागली.

मिथेन पेटायला हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्के लागतं. त्याहून कमी असेल तर इंधन अपुरं, जास्त असेल तर ऑक्सिजन अपुरा. भेगेच्या आत जवळजवळ निव्वळ वायू, बाहेर निव्वळ हवा. दोन्ही मिसळतात त्या पातळ थरातच ज्योत उभी राहते. म्हणून विवरात एक मोठा जाळ दिसत नाही. शेकडो ज्योती आपापल्या भेगेला धरून जळताना दिसतात. खाली उतरायचं तर ज्योतीला ऑक्सिजन हवा, आणि वायूच्या दाबामुळे हवा आत शिरत नाही. शिरली तरी दोनेक मिलिमीटरपेक्षा अरुंद फटीत थंड खडक उष्णता शोषून ज्योत मारतो. खाणकामगारांच्या डेव्ही दिव्याची जाळी याच तत्त्वावर चालते.

घरच्या पाइपच्या गॅसमध्येही मुख्यतः मिथेनच असतो. शेगडीत जेटमधून सुटलेला वायू बर्नरच्या नळीतच हवा ओढून घेतो, म्हणून निळा जळतो. हवेचं छिद्र तुंबलं की ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचं बूड काळं. विवरात आधी मिसळण होतच नाही; काजळीचे तापलेले कण नारिंगी चमकतात.

मग पाणी ओतून विझवा की! तापलेला खडक वायू पुन्हा पेटवेल. वाळूने बुजवलं तर वायू दुसरीकडून वाट काढेल. शिवाय वायू न थांबवता नुसती ज्योत विझवणं घातकच. वजनास वजन धरलं तर मिथेन शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो, आणि १ किलो मिथेन जळून २.७५ किलोच कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे न जळता सुटलेला मिथेन दहापट महाग.

खरा उपाय म्हणजे आजूबाजूला विहिरी खोदून वायू आधीच ओढून घेणं. आग विझवण्याचा आदेश २०२२ साली निघाला. अशा विहिरींमुळे ती जवळपास एक-तृतीयांशावर आल्याचं २०२५ साली तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं.

हे पूर्वी घडून गेलेलं आहे. अझरबैजानात बाकूजवळच्या आतेशगाह अग्निमंदिरात ‘श्री गणेशाय नमः’ने सुरू होणारे देवनागरी शिलालेख आहेत, तिथली ज्वाला भाविकांना दैवी वाटायची. आसपासच्या वायूचा उपसा होत गेला आणि १९६९ साली ती विझली. आज तिथे पाइपने आणलेला गॅस जळतो.