धातूला चिकटलेला हायड्रोजन नेमका कुठे?

संक्रमण धातूंच्या (लोह, कोबाल्ट, टंगस्टन यांसारख्या) हायड्राइड, म्हणजे हायड्रोजन असलेल्या, संयुगांवर आज जे वाद चालतात ते बहुतेक १९८४ नंतरचे आहेत. त्याआधी प्रश्नच वेगळा होता. रेणूत हायड्रोजन आहे हे सगळ्यांना मान्य होतं, पण तो धातूला बांधलेला आहे की नाही यावर एकमत नव्हतं.

लोहाचं कार्बोनिल हायड्राइड, म्हणजे धातूला कार्बन मोनॉक्साइडही (कार्बोनिल) बांधलेलं हायड्राइड, १९३१ मध्ये जर्मनीत तयार झालं, काही वर्षांत कोबाल्टचंही झालं. कोबाल्टचं हे संयुग पाण्यात खनिज आम्लासारखं प्रोटॉन सोडतं. साहजिकच अनेकांनी हायड्रोजन कार्बोनिलच्या ऑक्सिजनवर बसवला आणि १९३९ च्या इलेक्ट्रॉन विवर्तनाचा (इलेक्ट्रॉनांच्या विखुरण्यावरून रेणूची रचना शोधण्याच्या प्रयोगाचा) अर्थही तसाच लावला गेला. पुढे तो धातूच्या इलेक्ट्रॉन-मेघात ‘बुडालेला’ आहे अशी कल्पना रुळली. ती सोयीची होती, कारण बुडालेल्या अणूला बंधाची लांबी सांगावी लागत नाही!

चित्र पालटलं ते १९५५ ते १९५९ या काळात. दोन सायक्लोपेंटाडायीनिल (पाच कार्बनांच्या) वलयांमधल्या ऱ्हेनियमच्या संयुगात एक एकटा इलेक्ट्रॉन अपेक्षित होता, पण संयुग प्रतिचुंबकीय निघालं, म्हणजे सगळे इलेक्ट्रॉन जोडीत होते. एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपणाऱ्या तंत्रात) नेहमीच्या पट्ट्याच्या खूप बाहेर, उच्च क्षेत्राकडे, एक रेषा दिसली. ती धातूवरच्या हायड्रोजनची होती. १९५७ मध्ये प्लॅटिनमचं क्लोरो-हायड्राइड आलं. दोन ट्रायइथाइलफॉस्फिन (फॉस्फरसचे रेणू) सोबतीला असलेलं हे संयुग इतकं टिकाऊ होतं की कमी दाबाखाली त्याचं ऊर्ध्वपातनही करता येई. त्याच्या अवरक्त वर्णपटात २१८३ सेमी⁻¹ वर धातू–हायड्रोजन कंपनाचा ठसठशीत पट्टा होता. मँगनीजच्या कार्बोनिल हायड्राइडमध्ये १७८३ वरचा पट्टा हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) घातल्यावर १२८७ वर सरकला. गुणोत्तर १.३९ आलं, म्हणजे जड धातूच्या टोकाला हायड्रोजन एकटाच हलत असेल तर जेवढं यायला हवं जवळजवळ तेवढंच. कोबाल्टचा पट्टा १९३४ वर सापडला. ‘बुडालेला’ हायड्रोजन इथेच निकालात निघायला हवा होता, पण मँगनीजच्या रेणूवरचं न्यूट्रॉन विवर्तन १९६९ पर्यंत आलं नाही. तोवर मँगनीज–हायड्रोजन अंतर १.२८ अँगस्ट्रॉम आहे असाही एक दावा होऊन गेला. न्यूट्रॉनने ते १.६० ठरवलं.

प्लॅटिनमच्या त्या संयुगाचं खरं देणं मात्र त्याच्या भावंडांत आहे. हायड्रोजनच्या बरोबर समोरचा लिगँड (धातूला बांधलेला गट) बदलत गेलं की पट्टा सरकतो : नायट्रेट २२४२, क्लोराइड २१८३, आयोडाइड २१५६, सायनाइड २०४१. समोरच्या गटाच्या या प्रभावाचं, म्हणजे ट्रान्स-प्रभावाचं, इतकं स्वच्छ मापन त्या काळात दुसरं क्वचितच असेल.

कार्बोनिलच्या शेजारी मात्र हे सोपं राहत नाही. दोन्हींचे पट्टे १८०० ते २१०० च्या टापूत येतात. अल्कोहोलमध्ये संयुग बनवलं तर धातू अल्कोहोलमधून हायड्रोजनच नव्हे, कार्बन मोनॉक्साइडही ओढून घेतो, त्यामुळे सुरुवातीच्या काही सूत्रांत कार्बोनिल निसटूनच गेला होता. शिवाय दोघे समोरासमोर असले तर त्यांची कंपनं एकमेकांत मिसळतात. मग ड्यूटेरियम घातल्यावर कार्बोनिलचा पट्टाही हलतो.

हीच मिसळ पुढे खऱ्या वादाचं मूळ ठरली. न्यू मेक्सिकोतल्या एका प्रयोगशाळेत टंगस्टनचं जांभळं संयुग हायड्रोजनखाली पिवळं होत होतं आणि हायड्रोजन काढला की पुन्हा जांभळं. १९८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : हायड्रोजन रेणू न तुटता आडवा बसला आहे. मोकळ्या रेणूत ०.७४ असणारं अंतर इथे सुमारे ०.८२ अँगस्ट्रॉम. एचडी (एक हायड्रोजन, एक ड्यूटेरियम असलेला रेणू) वापरल्यावर एनएमआरमध्ये दोन अणूंमधलं युग्मन ३३.५ हर्ट्झ आलं, मोकळ्या एचडीत ते ४३ असतं. आणि वर्णपटात २६९० वर एक रुंद, फिका पट्टा, कार्बन–हायड्रोजनच्या पट्ट्यांच्या अगदी कुशीत. मोकळ्या हायड्रोजनचं कंपन ४१६१ वर असतं आणि अवरक्तात दिसतच नाही.

मग जुन्या पॉलिहायड्राइडांची (एकाच धातूवर अनेक हायड्रोजन असलेल्या संयुगांची) झडती सुरू झाली आणि त्यातली बरीच नव्या रकान्यात गेली. रकाने पाडण्याची ही घाई मला पटत नाही. २६९० ला ‘हायड्रोजन–हायड्रोजन ताण’ (बंध लांब-आखूड होण्याचं कंपन) असं लेबल लावलं की वाटतं, बंध किती सैल झाला ते या आकड्यावरून वाचता येईल. वारंवारितेचा वर्ग घेतला तर बलस्थिरांक, म्हणजे बंधाचा ताठरपणा, मोकळ्या रेणूच्या ४२ टक्के निघतो. १९९७ मध्ये सगळे समस्थानिक पट्टे एकत्र धरून हिशेब झाला तेव्हा तो एक चतुर्थांशाच्याही खाली आला. कारण तो पट्टा एकट्या हायड्रोजन रेणूचा नाहीच, त्यात टंगस्टन–हायड्रोजनचं कंपन भरपूर मिसळलं आहे. १५६७ वरचा पट्टाही तसा शुद्ध नाही. द्रव झेनॉनमध्ये पेंटाकार्बोनिलांवर (पाच कार्बोनिल असलेल्या धातूंवर) बसलेल्या हायड्रोजन रेणूसाठी मोजलेली मूल्यंही शहाणी करणारी आहेत : क्रोमियम ३०३०, मॉलिब्डेनम ३०८०, टंगस्टन २७११. गटात खाली उतरताना सरळ उतार नाही.

बंधाचं चित्र तसं साधं आहे. रेणूचे सिग्मा इलेक्ट्रॉन धातूकडे जातात आणि धातूचे डी-इलेक्ट्रॉन रेणूच्या प्रतिबंधी (बंध सैल करणाऱ्या) कक्षकात परत येतात. परतीचा ओघ वाढला की बंध तुटतो. एक कार्बोनिल आणि दोन द्विदंती (धातूला दोन ठिकाणी धरणारे) फॉस्फिन हाच संच मॉलिब्डेनमवर असला तर हायड्रोजन अखंड राहतो, टंगस्टनवर असला तर त्याचे दोन हायड्राइड होतात. पण त्या दोन टोकांच्या मध्ये हायड्रोजन–हायड्रोजन अंतर १.१ ते १.३५ अँगस्ट्रॉम असलेली संयुगंही सापडली आहेत. त्यांना ‘ताणलेला’ हायड्रोजन म्हणायचं की ‘आवळलेले’ हायड्राइड, हे लिहिणाऱ्याच्या कलावर ठरतं.

अलीकडे हेच काम एन्झाइमांत चालू आहे. तिथे अवरक्तात प्रथिनाचा आणि पाण्याचा गोंगाट असतो. म्हणून लोह-५७ (लोहाचं एक समस्थानिक) घालून सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) फक्त लोहाची हालचाल असलेली कंपनं मोजतात. निकेल–लोह हायड्रोजनेजमध्ये (हायड्रोजनवर काम करणाऱ्या एन्झाइममध्ये) दोन धातूंमधल्या हायड्राइडच्या डुलण्याचा पट्टा २०१५ मध्ये असा ६७५ वर मिळाला. जड पाण्यात तो तिथून नाहीसा होतो.