आबांची चप्पल, सर्पगंधा आणि रविवारचं मटण

आबांचा हात थरथरायच्या आधी जवळपास वर्षभर त्यांची डाव्या पायातली चप्पल घासत होती. अस्सल कर्रकर्र वाजणारी कोल्हापुरी, मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात आवाज आला की कळायचं आबा आले, आणि आजी सारखी म्हणायची की डावा पाय फरफटतोय बघा, पण आम्ही सगळे वय झालंय म्हणून सोडून दिलं. त्याच बाजूचा खांदा आखडलेला, त्याला तेल चोळून झालं. शेवटी हात कापायला लागला तेव्हा न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो, तर त्यांनी हात बघायच्या आधी आबांना नुसतं चालायला लावलं. डावा हात चालताना हलतच नव्हता. पार्किन्सन्स.

हा आजार लिहून ठेवणारे लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन, त्यांनी 1817 मध्ये सहा पेशंटची माहिती छापली आणि त्यातले काहीजण तर त्यांनी फक्त रस्त्यात चालताना पाहिलेले. म्हणजे चाल बघून ओळखायचं हे तेव्हापासूनचं आहे.

होतं काय, तर मेंदूत खालच्या बाजूला काळपट पेशींचा एक छोटा पट्टा असतो, त्या पेशी डोपामिन, म्हणजे हालचालीसाठी मेंदूत निरोप पोचवणारं रसायन, बनवतात आणि त्या हळूहळू मरत जातात. ताकद जात नाही, हालचाल सुरू करणं आणि ती सहज चालू ठेवणं अवघड होतं. तालमीत घडलेला आबांसारखा माणूससुद्धा खुर्चीतून उठायला वेळ घेतो तो त्यामुळं. आणि हात थरथरेपर्यंत बऱ्याच पेशी गेलेल्या असतात. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं हे कित्येकदा काही वर्षं आधीच सुरू झालेलं असतं (आबांना हिंगाचा वास येत नव्हता, हे आता आठवतंय).

उपचार कसा सापडला ते मला फार आवडतं. आपल्याकडची सर्पगंधा, तिच्यातून काढलेलं रेसर्पिन बीपीसाठी वापरायचे. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिलं, ससे मलूल होऊन पडून राहिले, आणि मग एल-डोपा, म्हणजे ज्यापासून डोपामिन बनतं ते द्रव्य, टोचल्यावर थोड्याच वेळात परत हलायला लागले. हे 1957 चं, नोबेल मिळालं 2000 मध्ये. 1960 मध्ये व्हिएन्नात होर्निकीविझ यांनी वारलेल्या पेशंटचे मेंदू तपासले तर डोपामिन खूपच कमी. मग सरळ डोपामिनच का देत नाहीत? कारण रक्तातून ते मेंदूत शिरतच नाही, एल-डोपा मात्र शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. पण लोकांना उलट्या व्हायच्या. अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी धीर धरून अगदी थोड्यापासून सुरू केलं आणि डोस हळूहळू वाढवत नेला, 1967 मध्ये त्यांचे निकाल आले आणि जखडलेली माणसं चालायला लागली. पुढं सोबत कार्बिडोपा आलं, त्यानं औषध मेंदूत पोचायच्या आधी वाया जात नाही, म्हणून डोस कमी पुरतो आणि मळमळही कमी.

हेच एल-डोपा खाजकुइलीच्या बियांत असतं, दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते 1937 मध्येच वेगळं काढलेलं. म्हणून आम्हाला तीन जणांनी तिची पावडर सुचवली. कळकळीनं सांगतो, एल-डोपाची गोळी चालू असताना स्वतःच्या मनानं ती देऊ नका, पावडरीत औषध किती आहे ते आपल्याला कळत नाही आणि जास्त झालं तर बीपी उतरणं, भास होणं, अंग आपोआप वळवळणं असलं काहीही होऊ शकतं.

या गोळीनं पेशी मरायच्या थांबत नाहीत. तसं थांबवणारं औषध अजून नाही, आणि हे पचवायला आम्हाला वेळ लागला. पण मिळतो तो आराम तरी पूर्ण मिळावा ना. आमच्याकडं दर रविवारी दुपारी आबा अडकायचे, उंबऱ्यात पाय चिकटल्यासारखे उभे राहायचे, आणि आम्हाला वाटायचं आजार वाढला. डॉक्टरांनी विचारलं रविवारी जेवायला काय असतं. तांबडा, पांढरा, मटण, आणि गोळी जेवणावर! मटणातल्या प्रोटीनचे तुकडे आणि एल-डोपा आतड्यातून आणि पुढं मेंदूत एकाच वाटेनं शिरतात, गर्दी झाली की औषध मागं राहतं. मटण बंद करायला त्यांनी सांगितलं नाही, फक्त वेळ बदलली.

आता रविवारी गोळी साडेबाराला आणि ताट दीडला. उंबऱ्याच्या अलीकडं फरशीवर पिवळी पट्टी चिकटवलीय, ती बघून आबा पाय उचलतात आणि आत येतात.