मराठवाड्यातल्या बाल न्यायाचे कारभारी कोण?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीखाली दोघांचा जीव गेला. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला बाल न्याय मंडळाने, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं पाहणाऱ्या पीठाने, काही तासांत जामीन दिला, सोबत तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. गावोगावच्या चहाच्या टपऱ्यांवर एकच प्रश्न होता: या मंडळाच्या वर कोण आहे की नाही? आहे, पण एक नाही. मंडळात तिघे बसतात. प्रधान दंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतले, बाकीचे दोन सामाजिक कार्यकर्ते राज्य सरकारने नेमलेले. म्हणून चौकशी झाली ती या दोन सदस्यांची, महिला व बाल विकास आयुक्तांनी नेमलेल्या समितीकडून. पुढे ऑक्टोबरमध्ये सरकारने दोघांच्याही नेमणुका रद्द केल्या. एकाच टेबलाला बसणाऱ्या तिघांचे मालक दोन वेगळे, हे त्यानिमित्ताने पुष्कळांना पहिल्यांदा कळलं.

मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत हीच रचना आहे. ती कुणी एकदा बसून आखलेली नाही. प्रत्येक कायद्याने एक नवी खुर्ची आणली आणि जुनी मात्र उचलली नाही. इथे तर खुर्च्या आल्याही उशिरा.

मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा विचार तसा जुना. १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली, १८९७ मध्ये सुधारशाळांचा नवा कायदा झाला, १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांना मोठ्या कैद्यांत ठेवू नका असं बजावलं आणि १९२४ मध्ये मुंबईचा बालक कायदा आला. १९२७ मध्ये मुंबईत ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ उभी राहिली. तिचे अध्यक्ष आजही पदसिद्ध मुख्यमंत्री असतात. हे सगळं घडत होतं तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर, १९५१ मध्ये हैदराबाद राज्याचा स्वतःचा बालक कायदा झाला खरा, पण पाच वर्षांत ते राज्यच मोडलं. १ नोव्हेंबर १९५६ ला औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. म्हणजे मुंबई-पुण्याकडे ज्या कामाला तीन दशकं होऊन गेली होती, त्याचा इकडे श्रीगणेशा व्हायचा होता.

मुंबई-पुण्याकडून जी पद्धत आली ती जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटनांची, म्हणजे मुलांवर देखरेख करणाऱ्या आणि त्यांना ठेवून घेणाऱ्या जिल्हा संस्थांची. नाव जड आहे, लोक सरळ ‘रिमांड होम’ म्हणतात आणि अजूनही तेच म्हणतात. ही निम्मी सरकारी, निम्मी धर्मादाय व्यवस्था होती. अनेक ठिकाणी जिल्हाधिकारी अध्यक्ष, गावातले वकील, डॉक्टर, व्यापारी कार्यकारिणीत, सरकारचं अनुदान आणि रोजचा गाडा हाकायला अधीक्षक. माझ्या मते या काळात खरा कारभारी अधीक्षकच होता. जेवणाला काय, शाळेत कोण जाणार, पळून गेलेल्या पोराची खबर पोलिसांना कधी द्यायची, भेटीला आलेल्या बापाला आत सोडायचं का, हे सगळं तोच ठरवायचा. चांगला अधीक्षक लाभला तर पोरांचं नशीब उघडायचं. वाईट लाभला तर विचारणारं कुणी नव्हतं, कारण जिल्हाधिकारी साहेबांना टंचाई, पाणी आणि मोर्चे यांतून सवड कुठली?

१९८० च्या दशकात चित्र बदललं. पत्रकार शीला बर्से यांनी तुरुंगांत डांबलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८६ मध्ये देशभरासाठी एकच बाल न्याय कायदा झाला आणि २ ऑक्टोबर १९८७ पासून लागू झाला. त्याने गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी बाल न्यायालय आणि निराधार मुलांसाठी बालकल्याण मंडळ अशी दोन दारं केली. त्या कायद्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत बालक होती. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठराची मर्यादा लावली आणि आजची नावं आणली: बाल न्याय मंडळ आणि बालकल्याण समिती. २०१५ चा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून आला. त्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, याची मंडळाने आधी प्राथमिक छाननी करायची, अशी तरतूद घातली. प्रत्येक जिल्ह्याला किमान एक मंडळ आणि एक समिती हवी, हेही त्यात आहे. तोवर पाचाचे आठ जिल्हे झाले होते: १९८१ मध्ये जालना, १९८२ मध्ये लातूर, १९९९ मध्ये हिंगोली. जिल्हा एका अधिसूचनेने होतो, त्याची कार्यालयं, इमारती आणि माणसं जमायला मात्र वर्षं जातात.

मधल्या काळात खातंही बदललं. हा विषय पूर्वी समाजकल्याणकडे होता. १९९० च्या दशकात महिला व बाल विकास हे स्वतंत्र खातं झालं. उतरंड अशी: मंत्रालयात सचिव, पुण्यात आयुक्त, विभागाला छत्रपती संभाजीनगरात उपायुक्त, जिल्ह्यात जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी. अंगणवाड्यांचं आयुक्तालय वेगळं, ते नवी मुंबईत, आणि जिल्ह्यात त्याचं काम जिल्हा परिषदेतून चालतं. अनाथ नातवाच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज घेऊन आलेली आजी हमखास आधी जिल्हा परिषदेत जाते. ‘हे आमच्याकडं नाही, तिकडं जावा’ हे वाक्य ऐकून ती दुसऱ्या कार्यालयाच्या जिन्यावर येईपर्यंत साहेब दौऱ्यावर गेलेले असतात. दोन्ही पाट्यांवर ‘महिला व बाल’ असं लिहिलंय, तर तिने तरी काय ओळखायचं?

मराठवाड्याने या यंत्रणेची मोठी परीक्षा ३० सप्टेंबर १९९३ ला पाहिली. किल्लारी-सास्तूरच्या भूकंपात एका रात्रीत शेकडो मुलं उघड्यावर पडली. त्या वेळी पुढाकार घेतला तो संस्थांनी. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. पन्नालाल सुराणा यांच्या प्रयत्नातून नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभं राहिलं. सरकारी खुर्चीपेक्षा संस्थाचालकाचा शब्द जड, हा इथला जुना हिशेब त्या भूकंपाने आणखी पक्का केला. त्यातून चांगली कामं झाली, तशी अनुदानापुरती बालगृहंही निघाली. पुढच्या कायद्यांत नोंदणी आणि तपासणीवर एवढा भर का आला, ते यातून समजतं.

२००९-१० मध्ये केंद्राची एकात्मिक बाल संरक्षण योजना आली, आता तिचंच नाव मिशन वात्सल्य. तिने जिल्हा बाल संरक्षण कक्ष दिला: संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, माहिती विश्लेषक. सगळे मानधनावर, कंत्राटी. खरं पायपिटीचं काम यांचं आणि परिविक्षा अधिकाऱ्यांचं, आणि नेतृत्वाचा कस लागतो तो इथेच. मंडळापुढे मूल आलं की त्याच्या घरची सगळी परिस्थिती सांगणारा सामाजिक तपास अहवाल लागतो. बीडकडच्या तांड्यावर ऐन डिसेंबरात अहवालासाठी गेलं तर घराला कुलूप. आईबाप कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यावर. घरी म्हातारी असली तर ती उचल किती घेतली ते सांगेल, पण नातू गेल्या वर्षी शाळेत होता का, हे तिला सांगता येत नाही. मग अहवालात ‘पालक स्थलांतरित’ असं एक वाक्य पडतं, आणि त्या एका वाक्यावर मंडळाने मुलाला कुणाच्या ताब्यात द्यायचं ते ठरवायचं. मंडळाचे दंडाधिकारी आठवड्यातले बाकीचे दिवस आपल्या नेहमीच्या कोर्टात असतात, ही आणखी एक अडचण.

बालकल्याण समितीचं काम वेगळं, पण ताण तोच. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत एक तरी महिला, मुदत तीन वर्षं, आणि आदेशाला दंडाधिकाऱ्याच्या पीठाचं बळ. बालविवाह रोखला की मुलीला चोवीस तासांच्या आत समितीपुढे हजर करायचं असतं. ग्रामसेवक फिर्याद देतो, पोलीस मुलीला घेऊन येतात, मामा-काका समितीच्या दाराशी ‘चूक झाली, लिहून देतो’ म्हणत उभे राहतात. हमीपत्रावर सोडलं तर चार महिन्यांनी दुसऱ्या तालुक्यात लग्न लागण्याचा धोका, बालगृहात ठेवलं तर दहावीची परीक्षा हुकण्याचा. अशा वेळी समितीत पाचाऐवजी दोघेच असले, किंवा मुदत संपून नवी नेमणूकच झालेली नसली, तर निर्णय करायचा कुणी? रिक्त जागांचा हा रोग इतका जुना आहे की २०१८ मध्ये संपूर्णा बेहुरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना त्या भरा असं सांगावं लागलं. आपल्याकडे त्याला ‘प्रभारी’ नावाचं घरगुती औषध आहे: एकाच अधिकाऱ्याकडे दोन पदं, कधी दोन जिल्हे.

२०२१ च्या दुरुस्तीने, जी १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, जिल्हाधिकाऱ्याला या सगळ्यात पुन्हा मध्यभागी आणलं. समितीच्या कामाचा आढावा, बाल संरक्षण कक्षावर देखरेख, दत्तकाचे आदेश, सगळं त्याच्याकडे. कोविडमध्ये अनाथ झालेल्या मुलांसाठी त्याच्याच अध्यक्षतेखाली कृती दल चाललं होतं, आणि पाच लाखांच्या मुदत ठेवींची कामं त्यामुळे मार्गी लागली, हे खरं आहे. पण ते संकटातलं काम होतं. आरोपी मुलाचा अहवाल वेळेत आला का, हे दर आठवड्याला बघायला त्याला वेळ मिळेल, असं मला वाटत नाही.

सगळ्यात खालची खुर्ची गावात आहे. ग्राम बाल संरक्षण समिती, अध्यक्ष सरपंच, सोबत अंगणवाडी सेविका. कागदावर ती जवळपास प्रत्येक गावात आहे. पण बीड, धाराशिव, जालन्याच्या कित्येक गावांत दिवाळीनंतर निम्मी घरं बंद असतात, आणि पोरीबाळी आजीकडे किंवा फडावर. कुणाचं लग्न कुठे ठरतंय, कुठलं पोर कोणत्या गुऱ्हाळावर राबतंय, हे सेविकेला कानोकान कळतं. पण ते पुढे कळवल्यावर सरपंचाची नाराजी कोण झेलणार, याची सोय कुठल्याही कायद्याने अजून केलेली नाही. १०९८ हा हेल्पलाईन क्रमांक आहे, तिथे नाव न सांगता कळवता येतं. अंगणवाडीच्या भिंतीवर तो रंगवलेला असतो, सहसा दाराआड.