फोन आपटला तेव्हा स्क्रीनवर रक्त नव्हतं

जूनचा शेवटचा आठवडा. सांगलीजवळच्या माधवनगरला ताईकडे गेलो होतो. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता आणि नववीतला भाचा कॉटवर पालथा पडून फोनमध्ये घुसला होता. कानात इयरफोन, त्यामुळे आवाज आपोआप वरच्या पट्टीत: "अरे झोनमध्ये ये की! नॉक झालोय, रिव्हाइव्ह दे लवकर!" स्वयंपाकघरातून ताईची तिसरी हाक आली, जेवायला येतोयस का नाही म्हणून. "आई, थांब की, मरालोय मी!" एवढ्यात लाइट गेली. लाइटबरोबर वायफाय गेलं. फोनच्या उजेडात त्याचं तोंड तेवढं दिसत होतं. स्क्रीनवर एक चक्र गरगर फिरत होतं. पाच-सहा सेकंद तो त्याकडे बघत राहिला आणि मग फोन उशीवर असा आपटला की उसळून फरशीवर गेला.

ताई मेणबत्ती घेऊन आली. काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. "बघ," ती म्हणाली, "दिवसभर माणसं मारायचा गेम, मग दुसरं काय होणार? तू मानसशास्त्र शिकवतोस ना, आता तूच सांग."

तिला त्या रात्री नीट सांगता आलं नाही. ते इथे लिहितोय. त्याआधी एक बारीकशी गोष्ट: पोरानं फोन आपटला त्या क्षणी स्क्रीनवर बंदूक नव्हती, मुडदा नव्हता, रक्ताचा थेंबही नव्हता. फिरणारं चक्र होतं.

या विषयाची सुरुवात बहुतेक जण एका बाहुलीपासून करतात. १९६१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बंडुरा यांनी बालवाडीच्या वयाच्या ७२ मुलांवर एक प्रयोग केला. बोबो नावाची हवा भरलेली मोठी बाहुली; बुडाला वजन, त्यामुळे कितीही ढकला, परत उभी राहते. २४ मुलांसमोर एका मोठ्या माणसानं तिला बडवलं, हातोडीनं ठोकलं, वर उडवलं. दुसऱ्या २४ मुलांसमोर मोठा माणूस शांतपणे दुसरीच खेळणी खेळत बसला. उरलेल्या २४ मुलांना असं काहीच दाखवलं नाही. मग मुलांना बाहुली असलेल्या खोलीत सोडलं. ज्यांनी बडवाबडवी पाहिली होती त्यांनी तशीच बडवाबडवी केली, काहींनी तर अगदी तेच शब्द वापरून. दोन वर्षांनी बंडुरांनी हाच प्रयोग पडद्यावरचं चित्रण दाखवून केला, निकाल तोच. टीव्हीपासून गेमपर्यंत 'बघतात तसं करतात' या म्हणण्याला आधार म्हणून हा प्रयोग पुढे होतो.

यातली एक पायरी मात्र सांगताना नेहमी गळते. बाहुलीच्या खोलीत पाठवण्याआधी मुलांना एका सुंदर खेळण्यांच्या खोलीत नेलं होतं. पोरं खेळात रमली न रमली तोच त्यांना सांगितलं, ही खेळणी दुसऱ्या मुलांसाठी ठेवलीत, चला उठा. म्हणजे आधी त्यांना मुद्दाम चिडवलं आणि मग बाहुलीसमोर सोडलं. बंडुरांनी हे लपवलं नव्हतं, शोधनिबंधात स्पष्ट लिहिलंय. बाहुली सगळ्यांना आठवते, हातातून काढून घेतलेलं खेळणं कुणाला आठवत नाही. शिवाय ती बाहुली मारण्यासाठीच बनवलेली. तालमीत पोरानं डाव टाकला तर त्याला मारामारी म्हणायचं का, हा प्रश्न आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला तरी पडायला हवा.

पुढे गेम आले. १९७६ मध्ये 'डेथ रेस' नावाच्या यंत्रावर माणसासारख्या आकृत्या गाडीखाली चिरडायच्या होत्या. आज पाहिलं तर पांढरे ठिपके दिसतील, पण तेव्हा अमेरिकेत गदारोळ झाला. १९९२ मध्ये 'मॉर्टल काँबॅट' आला, त्यात प्रतिस्पर्ध्याचं मुंडकं उडवता यायचं. पुढच्याच वर्षी अमेरिकी सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि १९९४ पासून तिकडे गेमच्या खोक्यावर वयाची खूण आली. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. ती दोन मुलं 'डूम' हा बंदुकीचा गेम खेळायची, हे कळल्यावर प्रश्नाचा निकाल लागला असंच बऱ्याच लोकांना वाटलं.

आता प्रयोगशाळेत शिरू, कारण गंमत तिथे आहे. माणूस 'आक्रमक' झाला हे मोजायचं कसं? प्रयोगात कुणाला कुणाच्या थोबाडीत मारू देता येत नाही. मग एक युक्ती निघाली. अर्धा तास गेम खेळायचा. त्यानंतर पलीकडच्या खोलीतल्या न दिसणाऱ्या माणसाबरोबर बटण दाबण्याची शर्यत लावायची. जिंकलात तर त्याच्या कानात कर्कश आवाज सोडायचा. किती मोठा, किती वेळ, ते तुम्ही ठरवायचं. पलीकडे खरं तर कुणीच नसतं. क्रेग अँडरसन आणि कॅरन डिल यांच्या २००० सालच्या गाजलेल्या अभ्यासात बंदुकीचा गेम खेळलेल्या विद्यार्थ्यांनी शांत गेम खेळलेल्यांपेक्षा आवाज जास्त वेळ सोडला. हा 'जास्त वेळ' सेकंदाच्या अंशांत होता. बातमीपर्यंत येईतो त्या अंशाचं 'गेममुळे हिंसा' झालं.

आणि या चाचणीत मोजायचं काय? आवाज किती मोठा ते धरायचं की किती वेळ ते? पहिली फेरी धरायची की सगळ्यांची सरासरी? की दोन्हींचा गुणाकार? जर्मन संशोधक माल्टे एल्सन यांनी मोजदाद केली तेव्हा एकाच चाचणीचे आकडे शोधनिबंधांत दीडशेहून अधिक प्रकारे मांडलेले निघाले. एकाच तागडीवर दीडशे रीतीनं तोलायची मुभा असेल तर मालाचं वजन व्यापाऱ्याला हवं तेवढं भरतं. हळदीच्या पेठेत वाढलेल्यांना याहून जास्त समजावून सांगायला नको.

म्हणजे सगळं खोटं का? तसंही नाही. २०१८ मध्ये मुलांना काही महिने ते काही वर्षं पाठोपाठ तपासणाऱ्या २४ अभ्यासांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. एकूण मुलं १७ हजारांच्या वर. हिंसक गेम खेळणाऱ्यांत पुढे मारामारी, ढकलाढकली थोडी जास्त दिसली. किती थोडी? मुलांच्या आधीच्या वागण्याचा फरक बाजूला काढल्यावर संबंधाचा आकडा ०.०८ च्या आसपास उरतो. (शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे पुरेपूर; फरकातला वाटा काढायला हा आकडा स्वतःशीच गुणायचा.) मुलामुलांत दांडगाईचा जो फरक दिसतो तो शंभर पैसे धरला, तर त्यातला जेमतेम एक पैसा गेमच्या खात्यावर पडतो, तोही पुरता नाही. बाकीचे नव्व्याण्णव घर, गल्ली, मार खाणं, मित्र, स्वभाव, गरिबी यांत वाटलेले.

पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि नेटा वाइनस्टाइन यांनी १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. काय मोजणार आणि कसं मोजणार, हे त्यांनी आधीच जाहीर करून ठेवलं, म्हणजे तागडीशी खेळ नको. मुलगा आक्रमक आहे का, हे मुलाला न विचारता पालकांना विचारलं. गेममधली हिंसा आणि वागणं यांचा संबंध सापडला नाही. बर्लिनमध्ये सिमोन क्यून यांच्या गटानं लोकांना दोन महिने रोज 'ग्रँड थेफ्ट ऑटो' हा मारामारी-गोळीबाराचा गेम खेळायला लावलं, त्यांच्यातही फरक पडला नाही. पण ती मोठी माणसं होती, त्यामुळे नववीतल्या पोरासाठी मी तो निकाल फार ताणणार नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये गेमबद्दलचा आपला ठराव सुधारताना बजावलं की गोळीबारासारख्या हिंसेचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. ओरडाआरडा, ढकलाढकली यांच्याशी छोटासा संबंध आहे, हे त्यांनी तसंच ठेवलं.

मला या सगळ्यांत सर्वांत जवळचा वाटतो तो प्रझिबिल्स्कींचाच आणखी एक अभ्यास, २०१४ सालचा. त्यात गेम होता टेट्रिस. वरून विटा पडतात, त्या बसवायच्या. ना बंदूक ना शत्रू. आधी प्रत्येकाला बर्फगार पाण्यात हात घालायला लावला आणि सांगितलं की तुमची वेळ आधीच्या माणसानं ठरवली होती. मग टेट्रिस. निम्म्यांना साधा; निम्म्यांना असा बदललेला की ज्या विटेची गरज आहे ती वीट येतच नाही. खेळ झाल्यावर विचारलं, पुढच्या माणसानं पाण्यात किती वेळ हात धरावा? छळवादी टेट्रिस खेळलेल्यांनी सरासरी १० सेकंद जास्त सांगितले. विटांनी माणसं दुष्ट केली! त्याच अभ्यासात बंदुकीच्या गेममधली हिंसा काढून, घालूनही पाहिलं. त्यानं चिडण्यात फारसा फरक पडला नाही. आपल्याला हे जमत नाहीये, हातातला खेळ हातातून जातोय, या भावनेनं मात्र पडला.

दाजींचं उदाहरण देतो, ताईला चालेल. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला ऑस्ट्रेलियानं आपल्याला हरवलं तेव्हा याच घरात दाजींनी रिमोट भिंतीवर मारला होता. त्याला आजही रबरबँड लावलाय. 'क्रिकेटमुळे माणूस हिंसक झाला' असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही.

आणि भाच्याचा पब्जीच्या जातीचा गेम तर हरण्यासाठीच बांधलेला आहे. एका सामन्यात शंभर जण विमानातून उतरतात आणि शेवटी एक चमू उरतो. चौघांचा चमू धरला तर पंचवीसपैकी चोवीस घरी जातात. सामना चालतो अर्धा तास, तो मध्ये थांबवता येत नाही, आणि कष्टानं चढवलेला रँक मेल्यावर घसरतो. अशा वेळी लाइट जाणं म्हणजे टेट्रिसमधली न येणारी वीटच. कायदे करणाऱ्यांचं लक्ष बहुतेकदा रक्ताच्या रंगावर. राजकोटमध्ये २०१९ च्या मार्चमध्ये पब्जी खेळणाऱ्या पोरांना पोलिसांनी पकडलं. २ सप्टेंबर २०२० ला केंद्रानं पब्जीवर बंदी घातली, पण ती इतर ११७ चिनी ॲपबरोबर, देशाच्या सुरक्षेच्या कारणानं; पोरांच्या डोक्याचा तिथे काही संबंध नव्हता. २०२१ मध्ये तोच खेळ नव्या भारतीय नावानं आला तेव्हा रक्त हिरवं झालं होतं. रँक होता तसाच राहिला.

बातम्यांचंही बघा. 'गेमसाठी मोबाइल न दिल्याने…' अशी सुरुवात झाली की खाली काय असणार ते ठाऊकच असतं. यात 'गेम' ठळक आणि 'न दिल्याने' बारीक. वाक्याच्या व्याकरणातच कारण लिहिलंय: काढून घेणं. त्याआधी घरात किती दिवस धुसफूस चालली होती, मार पडत होता का, पोरगं किती रात्री झोपलं नव्हतं, हे त्या चार ओळींत बसत नाही. गुन्हा केलेल्या पोराच्या फोनमध्ये गेम सापडतो हे खरं. तो शेजारच्या गुणी पोराच्याही फोनमध्ये सापडतो, पण तिथे वार्ताहर जात नाही. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गोळीबार झाला तेव्हा टीव्हीवर पहिल्याच दिवशी गेमला दोषी ठरवलं गेलं. नंतर चौकशी समितीला कळलं की त्या तरुणाला त्याच्या खोलीतल्या सोबत्यांनी कधी असे गेम खेळताना पाहिलंच नव्हतं. पॅट्रिक मार्की आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अशा घटनांच्या बातम्या तपासल्या. शाळेत गोळ्या झाडणारा गोरा असेल तर बातमीत व्हिडिओ गेमचा उल्लेख होण्याची शक्यता तो काळा असण्यापेक्षा आठपट. आपल्यातलं वाटणारं पोरगं असलं की बाहेरचं कारण शोधलं जातं.

आपलं गाव तर मारामारीच्या देखाव्यांचं माहेरघर. १८४३ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, आणि त्यानंतरच्या पौराणिक खेळांत तोंड रंगवलेले राक्षस तलवारी परजत 'अलल डुर्र' अशा आरोळ्या ठोकत यायचे. पुढच्या पिढीनं त्या नाटकांना 'अलल्डुर्र' म्हणून हसून घेतलं. राक्षसाच्या तोंडाला रंग लावलाय, हे प्रेक्षकाला ठाऊक होतं. नववीतल्या मुलालाही गेमचं ठाऊक असतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला तितकं असेलच असं नाही, म्हणून चिमुरड्याच्या हातात 'ग्रँड थेफ्ट ऑटो' देणाऱ्या मामा-काकांचं मला कौतुक नाही. तो पुढे खून करेल अशी भीती नाही. त्या वयात ते बघण्यासारखंच नाही, एवढं साधं कारण.

माझी काळजी वेगळीकडे आहे. तेरा ते अठरा वयात रात्री ८ ते १० तास झोप लागते. भाचा एक वाजता झोपतो आणि सकाळी सहाला क्लासला पळतो. कमी झोपलेलं पोर कशानंही उखडतं, गेम नसला तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, आणि त्याच्या व्याख्येत रक्ताचा शब्दही नाही. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं. फळं जुळवायचा निरुपद्रवी गेमही यात बसू शकतो. ताईला मी हे वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, मग माझ्या सासूबाईंच्या मालिका कशात बसतात?

काच बदलायला अठराशे रुपये गेले. ते भाच्याच्या गणपतीच्या कपड्यांतून कापले, हे दाजींनी ठरवलं. रिमोटचं कुणी काढलं नाही.

परवा पुन्हा गेलो होतो. भाकरी थापता थापता ताईनं हाक मारली, पण यावेळी 'जेवायला ये' नाही.

"किती उरलेत रे?"

"बावीस!"

"मग दहा मिनिटं," ती मला म्हणाली आणि तव्याखालचा गॅस बारीक केला. "वीसच्या खाली आले की पटापट मरतात."