मानवरहित भूचर यंत्रमानव

(विद्यापीठीय संशोधनातील). माणूस न बसवता उघड्या जमिनीवर चालवायचे, चाकांचे किंवा साखळीपट्ट्यांचे वाहन. प्रयोगशाळा ते सहसा तयार घेतात आणि त्यावर आपले लायडर (लेसर किरणांनी अंतर मोजणारे संवेदक), कॅमेरे व संगणक चढवतात. वाहन बांधण्यातच पीएच.डी.ची वर्षे सरू नयेत, हा त्यामागचा साधा हिशेब. ‘रोव्हर’, ‘यूजीव्ही’ (अनमॅन्ड ग्राउंड व्हेइकल), ‘रोबो’ ही नावे सरमिसळ वापरली जातात.

उगमाबद्दल एकमत नाही. संशोधक निकोला टेस्ला यांचे १८९८ मधील रेडिओनियंत्रित वाहन ही होडी होती, त्यामुळे ते येथे गैरलागू ठरते. स्पेनचे तोरेस केवेदो यांनी १९०४ च्या सुमारास रेडिओलहरींनी तीनचाकी चालवली. काही जण मात्र १९३० नंतरच्या सोव्हिएत दूरनियंत्रित रणगाड्यांपासून सुरुवात धरतात. यंत्राने स्वतः वाट ठरवणे ही कसोटी लावली, तर अमेरिकेतील ‘शेकी’ हा यंत्रमानव (१९६६–७२) आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘कार्ट’ ही गाडी हेच पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक. १९७९ मध्ये कार्टला खुर्च्या मांडलेली एक खोली ओलांडायला सुमारे पाच तास लागले.

पुण्यात दिघी येथील डीआरडीओच्या आस्थापनेने बॉम्ब हाताळण्यासाठी ‘दक्ष’ विकसित केला. तो मुख्यतः दूरनियंत्रित आहे.

प्रयोगशाळांत परिचित असलेल्या ‘हस्की ए२००’ या कॅनडियन वाहनाचे वजन सुमारे ५० किग्रॅ., भारक्षमता ७५ किग्रॅ. आणि कमाल वेग सेकंदाला १ मीटर आहे. त्याची चाके वळत नाहीत. डाव्या-उजव्या बाजूंच्या वेगांत फरक करून, चाके आडवी घासत नेऊन ते वळते. मुरुमावर जागीच फिरवले, की चाकांखाली अर्धचंद्राकृती ओरखडे उठतात. खरी अडचण याच घासण्यात आहे. चाकांच्या फेऱ्या मोजून काढलेला वळणाचा कोन प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त येतो. म्हणून दोन बाजूंच्या चाकांतील अंतर हिशेबापुरते वाढवून धरतात; हस्कीच्या रॉस (यंत्रमानवांसाठीची सामायिक संगणकप्रणाली) आज्ञावलीत हा गुणक १.८७५ असे. तो पडताळण्याची रीत घरगुती आहे: जमिनीवर खडूची खूण करावी, वाहनाला जागच्या जागी दहा पूर्ण गिरक्यांची आज्ञा द्यावी आणि ते कोठे थांबते ते पाहावे. डांबरावर जुळलेला आकडा गवतावर जुळेलच असे नाही.

दिशेसाठी होकायंत्रावर विसंबणेही येथे जोखमीचे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, त्यामुळे उघड्या कातळाजवळ वाचन ढळू शकते. वाहनाच्या मोटारींतील चुंबकांचा उपद्रव वेगळाच. त्यामुळे दोन अँटेनांचा उपग्रहग्राहक (जीपीएससारखा) बरा. दाट झाडीखाली किंवा उंच भिंतीलगत तोही डगमगतो, तेव्हा लायडरचा आधार घ्यावा लागतो. चाचणीच्या वेळी वाहन तत्काळ थांबवणारे तांबडे बटण हाताशी ठेवून कोणीतरी वाहनामागून चालतो. आवारातील कुत्री हे त्याचे एक कारण.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल टायरच्या खाचांत भरला, की चाक जागीच फिरते. फेऱ्या मोजणाऱ्या गणकाच्या लेखी मात्र वाहन पुढे गेलेले असते.